अजानपर्यंत खेळ

क्रिकेटमधला अंधुक प्रकाशाचा नियम मला पाठ आहे. मी उभ्या आयुष्यात हातात बॅट धरली ती फक्त गादीतली धूळ झटकायला, त्यामुळे हा नियम मला पाठ असायचं काही कारण नव्हतं. पण नवरा अंपायर असला की जेवताना आमटीबरोबर नियमही वाढले जातात. दोन्ही अंपायरांनी मिळून ठरवायचं. नुसतं अंधुक झालं म्हणून खेळ थांबवायचा नाही. खेळणं धोक्याचं आहे किंवा शहाणपणाचं नाही असं दोघांनाही वाटलं, तरच थांबवायचा. आणि बॅट्समनने तोंड उघडायचं नाही. पूर्वी त्याला विचारायचे, बाबा रे, उजेड कमी आहे, खेळतोस की जातोस? मग लोक त्याचा फायदा घ्यायला लागले. हरायला आले की त्यांना दिसेनासं व्हायचं. म्हणून ते काढून टाकलं. आता ज्याच्या तोंडावर चेंडू येतो तो सोडून बाकीच्यांनी ठरवायचं.

मी यांना तेव्हाच म्हणाले होते, "अहो, हे म्हणजे आमटी खारट झालीय का ते जेवणाऱ्याला सोडून शेजाऱ्याला विचारण्यासारखं झालं." हे हसले. "तुला नाही कळायचं ते," म्हणाले. मला कळत नाही अशा गोष्टींची यांची यादी मोठी होती. तीत बँकेचे व्याजदर होते, स्कूटरचं कार्ब्युरेटर होतं, आणि सगळ्यात वर क्रिकेट होतं.

यांच्या आजोबांना सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला यावं लागलं, तेव्हापासून हे घराणं इथलंच. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये हे वाढले, तिथल्याच मैदानात खेळले आणि तिथल्याच एका कचेरीत नोकरीला लागले. मी इंदूरची. लग्न होऊन आले तेव्हा यांचं 'का'च्या जागी 'काहून' ऐकून मला हसू आवरायचं नाही. रागावले की अजूनही 'काहून' येतंच. खेळाडू म्हणून हे बेताचेच होते असं यांचे मित्र सांगतात, पण अंपायर म्हणून पहिल्या दिवसापासून लोकांनी मानलं. रविवार उजाडला की पांढरा कोट, टोपी, खिशात चेंडू मोजायचं ते यंत्र, आणि स्वारी निघाली. कचेरीत यांना कुणी विचारत नव्हतं हो. साहेब येत, साहेब जात, हे आपले फायली हलवत बसत. मैदानात मात्र मोठमोठ्या क्लबांचे कॅप्टन 'सर, सर' करत मागे फिरायचे. मला ते बघायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मोठ्या सामन्यांत उजेड मोजायचं यंत्र असतं. आमच्या लीगमध्ये कसलं यंत्र न् कसलं काय! इथे वेगळीच रीत आहे. हिवाळ्यातल्या सामन्यांत टॉसच्या वेळीच दोन्ही कॅप्टन हात मिळवून ठरवतात, 'मगरिब की अजान तक.' सूर्य मावळला की मशिदीतून मगरिबची अजान होते आणि ती ऐकू आली की स्टंपांवरच्या बेल्स काढायच्या. नाहीतरी निम्मी पोरं नमाजला जायची असतात, बाकीच्यांना चहा हवा असतो. भोपाळमध्ये कुठल्याही मैदानात उभे राहा, अजान ऐकू येतेच. घड्याळाची भानगड नाही, भांडण नाही. हे म्हणायचे, जगातला सगळ्यात चांगला लाइट मीटर आपल्या गावात आहे. अर्थात आभाळ भरून आलं आणि अजानआधीच काळोख झाला तर अंपायरने आपले डोळे वापरायचे, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं.

आणि डोळे वापरायला आमचे हे कधी कचरले नव्हते. जरा अंधारलं की खेळाडूंना बाहेर काढायचे. कॅप्टन लोक चिडायचे, शिव्या द्यायचे, यांच्यावर काही परिणाम नाही. "कुणाचं तोंड फुटलं तर ट्रॉफी लावून शिवायचं काय?" असं विचारायचे.

मग यांच्या हातून कप पडायला लागले.

टेबलावर ठेवतोय म्हणून ठेवायचे आणि कप टेबलाच्या काठाबाहेर. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. मी चिडायचे, "लक्ष कुठे असतं तुमचं?" एकदा स्कूटरवरून येताना शेजारून निघालेली रिक्षा यांना दिसलीच नाही. नशीब म्हणून खरचटण्यावर भागलं. मग मी यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, समोरचं दिसतंय म्हणून तुम्हाला कळलं नाही. कडेकडेने नजर गेलीय. जी गेली ती परत येणार नाही, जी उरलीय ती जपायची. रोज न चुकता थेंब घाला. उजेड कमी झाला की तुम्हाला इतरांपेक्षा जास्त अंधार वाटेल, तेव्हा गाडी चालवू नका.

त्या दिवसापासून गाडी माझ्या हातात आली. आणि मला वाटलं, आता अंपायरिंगही सुटेल. कुणालाही वाटेल.

छे! "समोरचं स्वच्छ दिसतं मला," हे म्हणाले. "पायचीत द्यायला कडेचं कशाला लागतं?" आणि खरंच, यांचे निर्णय चुकत नव्हते. रनआउटसाठी हे जरा मागे सरकून उभे राहायला लागले, म्हणजे क्रीज आणि स्टंप दोन्ही नजरेच्या मधोमध येतील. कुणाला पत्ता लागला नाही. मी सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी! "हा सीझन होऊ दे," म्हणायचे. तो झाला की पुढचा यायचा. एकदा मी फारच बोलले तेव्हा यांनी आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, "कचेरी संपली. पोरगा बंगळुरात. घरी बसून मी काय करू, तूच सांग." घरी बसून काय करायचं ते मलाही सापडलेलं नव्हतं.

पण एका रविवारी घोडं अडलं. थंडीतली दुपार होती, ऊन कलतं झालं होतं, मैदानाच्या एका बाजूला झाडांची सावली पडली होती. सावलीतून बोलर धावत आला आणि यांनी हात वर करून त्याला थांबवलं. दुसऱ्या अंपायरला बोलावलं आणि म्हणाले, लाइट खराब आहे. तो आधी यांच्याकडे आणि मग आभाळाकडे बघत राहिला. मग स्लिपमधलं कुणीतरी ओरडलं, "सर, अभी तो धूप है!" सगळं मैदान हसलं. बॅटिंग करणारेही हसले. मी गाडीत बसले होते, मला आधी कळलंच नाही काय झालं ते. खेळ पुढे चालू झाला. संध्याकाळी लीगच्या सेक्रेटरीने पाठीवर हात ठेवून सांगितलं, "सर, चश्मा बदल लीजिए, नंबर बढ़ गया होगा." चांगल्या मनानेच बोलला बिचारा. पण यांचा चेहरा मी पाहिला.

घरी आलो. मग जेवताना म्हणाले, "आता उजेडाचं मी बघणारच नाही. माझे डोळे खोटं सांगतात. अजान झाली की थांबायचं, तोवर नाही. आता कानांवर खेळ." मी ताटावरून उठले. म्हटलं, "कानांनी अंपायरिंग करायचं असेल तर रेडिओ लावून घरी बसा!"

त्या दिवसापासून खरोखरच यांनी उजेडावरून खेळ थांबवला नाही. आणि गंमत बघा, लीगमध्ये यांचं नाव आणखी मोठं झालं! आधी कुरकुर असायची, सर फार लवकर खेळ काढतात म्हणून. आता सगळे खूश. सर सुधरले. सर मॅच पूर्ण करवतात. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण मी सरकारी कचेऱ्यांबद्दल बोलताना जन्मभर वापरली. ती पुन्हा माझ्या तोंडून निघायची नाही.

ज्या दिवसाबद्दल सांगायचंय तो मावठाचा होता. सकाळपासून आभाळ दाटलेलं, वारं बोचरं, पण पाऊस नाही. सामना मिसरोदच्या बाजूला, होशंगाबाद रोडपासून आत असलेल्या मैदानावर होता. जिंकणारा संघ वरच्या गटात जाणार होता, त्यामुळे दोन्हीकडची मंडळी गरम होती. मी नेहमीप्रमाणे गाडी सीमारेषेबाहेर लावून आत बसले होते. घरून मेथीची जुडी आणली होती, ती मांडीवर घेऊन निवडत होते. सामना बघायचा कंटाळा आला तरी हात रिकामे ठेवायची सवय नाही मला.

दुपार कलली तशी पिवळी पानं कुठली आणि हिरवी कुठली ते मला कळेना. मी गाडीतला दिवा लावला. मग लक्षात आलं, अजून अजान व्हायला अवकाश आहे आणि दिवा लागतोय. मी मान वर करून मैदानाकडे पाहिलं. लांबचे फील्डर नुसते पांढरे ठिपके झाले होते. त्यांचे चेहरे दिसत नव्हते. चेंडू तर मला दिसेचना. बॅटचा आवाज यायचा आणि मग कुणीतरी पळायला लागायचं, त्यावरून समजायचं.

शेवटची जोडी खेळत होती. जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या. समोर दुसऱ्या संघाचा सगळ्यात वेगवान बोलर, लांबून पळत येणारा, अंगाने तगडा. आणि त्याला तोंड द्यायला दहाव्या नंबरचा बॅट्समन. पंचविशीतला, मंडीदीपच्या एका कारखान्यात कामाला, त्याच वर्षी लग्न झालेलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त डोक्यावर जरा सैल बसलेलं, दुसऱ्या कुणाचं तरी हेल्मेट घातलेली एक आकृती दिसत होती.

मैदानात काय बोलणं झालं तेही मला नंतर त्या दुसऱ्या अंपायरने सांगितलं. कॉलेजात शिकवणारा तरुण माणूस, यांना गुरू मानणारा. तो स्क्वेअर लेगवरून चालत यांच्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, लाइट?" एवढंच. नियम सांगतो की दोघांनी मिळून ठरवायचं. पण आपल्याकडे मिळून म्हणजे काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. धाकट्याने विचारायचं आणि थोरल्याने सांगायचं. यांनी सांगितलं, "ठीक है. चलने दो." तो मान हलवून परत गेला. "मला तर काहीच दिसत नव्हतं, आंटी," तो मला रडत रडत सांगत होता, "पण सर म्हणाले ठीक आहे, म्हणून मला वाटलं असेल ठीक."

मग तो बॅट्समन क्रीज सोडून पुढे आला. म्हणाला, "सर, बॉल दिख नहीं रही है."

यांनी त्याला नियम सांगितला. "बेटा, अब बैटिंग वाले लाइट की अपील नहीं कर सकते. वो हम देखेंगे. आप खेलिए."

हे सगळं चाललं होतं तेव्हा मी गाडीतून उतरले होते. मेथी मांडीवरून खाली सांडली. सीमारेषेपाशी जाऊन मी ओरडले, "अहो! अंधार पडलाय! दिसत नाहीये कुणाला!" मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तो यांच्यापर्यंत नक्की गेला. काही पोरं हसली. "सर, आंटी बुला रही हैं," कुणीतरी म्हणालं. यांनी माझ्याकडे न बघता तळहात दाखवला. गप्प बस, असा. वर्गातल्या कार्ट्यांना मी दाखवायचे तसाच.

बोलर धावत आला. चेंडू मला दिसला नाही. आवाज ऐकू आला. बॅटचा नव्हता तो. आणि मग ती आकृती गुडघ्यांवर बसली, हेल्मेटला दोन्ही हात लावून, आणि तशीच कुशीवर कलली.

चेंडू हेल्मेटच्या वरच्या कडेखालून, जाळीच्या फटीतून आत घुसला होता. डाव्या डोळ्यावर. मी पळत गेले तेव्हा लोकांनी मोबाइलचे टॉर्च लावले होते. आता सगळ्यांना अंधार दिसत होता! मला इतका संताप आला की मी ज्याला त्याला ढकलत होते. ॲम्ब्युलन्सची वाट बघण्यात अर्थ नव्हता. त्याला माझ्या गाडीत मागच्या सीटवर घातलं, डोकं त्याच्या एका सोबत्याच्या मांडीवर, डोळ्यावर माझ्या पिशवीतला टॉवेल. हे पुढे माझ्याशेजारी बसले, अंगात तोच पांढरा कोट. मी गाडी सुरू केली आणि तेवढ्यात कुठूनतरी अजान सुरू झाली. ती संपता संपता गाडी मैदानाबाहेर पडली. मग मागून तो पोरगा कण्हला.

होशंगाबाद रोडला त्या वेळी ही गर्दी. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

हॉस्पिटलात त्याला आत नेल्यावर आम्ही पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो. आत त्याची माणसं आली होती आणि त्यांच्यासमोर उभं राहायची यांची हिंमत होत नव्हती. माझी तर बोलायचीही इच्छा नव्हती. पण माझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी म्हणालेच. "मी एवढी ओरडले. तो अंपायर विचारायला आला. तो पोरगा तोंडाने सांगत होता. तुम्हाला दिसत नव्हतं का अंधार झालाय ते?"

"दिसत होता," हे म्हणाले.

मी वळून पाहिलं.

"चहाच्या सुट्टीपासूनच दिसत होता. पण मला तर रोजच दिसतो गं. मला वाटलं, माझ्याच डोळ्यांत आहे."

मला यांच्या थोबाडीत मारावंसं वाटलं आणि यांचं डोकं छातीशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. हे पुढे म्हणाले, "तू ओरडलीस तेव्हा मला वाटलं तू माझ्या डोळ्यांबद्दल सांगतेयस. सगळ्यांसमोर." म्हणून तो तळहात. म्हणजे माझ्या ओरडण्याने हे थांबायच्या ऐवजी आणखी ताठ झाले होते. मी गाडीच्या काचेवर कपाळ टेकून रडले.

त्याचा डोळा वाचला नाही. नुसता उजेड-अंधार कळतो, असं डॉक्टरांनी सांगितलं.

लीगची बैठक झाली. मला आत घेतलं नाही, मी बाहेरच्या बाकावर बसले होते, पण दार उघडं होतं. कुणी यांना दोष दिला नाही. कॅप्टननी सांगितलं की अजानपर्यंत खेळायचं दोघांनी कबूल केलं होतं आणि अजान झालीच नव्हती. दुसऱ्या अंपायरने सांगितलं की आमचं दोघांचं एकमत होतं. बोलरने सांगितलं की चेंडू मुद्दाम तोंडावर टाकला नव्हता, आणि ते खरंही होतं. सेक्रेटरी म्हणाला, नियमाप्रमाणेच सगळं झालंय, खेळात असं होतं, सरांनी मनाला लावून घेऊ नये. आणि आपण यातून शिकून हेल्मेटं नवी घेऊ. दार ढकलून आत जावं आणि एकेकाला उभं करून विचारावं असं मला फार वाटलं. कुणाचंच चुकलं नाही? एवढी सगळी माणसं मैदानात होती, प्रत्येकाला दिसत होतं की दिसत नाहीये, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभा होता. तुमचा नियम गेला चुलीत!

हे बैठकीत काहीच बोलले नाहीत. बाहेर आले आणि म्हणाले, "त्याच्या घरी जाऊ या."

"काहून?" मी यांचाच शब्द यांना मारला. मला राग होता.

"त्याला सांगायला पाहिजे. बैठकीतल्या लोकांना नाही सांगता आलं. त्याला सांगतो."

मिसरोदमध्ये एका नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. जिना अंधारा. मी यांचा हात धरून वर नेलं. दार त्याच्या बायकोने उघडलं. नाजूक, सावळी मुलगी, हातात अजून लग्नातल्या बांगड्या. तिने मला ओळखलं, मागून हॉस्पिटलात आत गेले तेव्हा मी तिला पाणी दिलं होतं. "आइए आंटी," म्हणाली, आणि यांच्याकडे पाहून पदर सावरून बाजूला झाली.

तो पलंगावर बसला होता. डोळ्यावर पट्टी. यांना बघून तो धडपडत उभा राहिला आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत वाकून यांच्या पायांना हात लावला. मला ते बघवेना. "सर, आप क्यों आए, मैं आ जाता," म्हणत होता. खुर्ची पुढे सरकवताना ती दाराच्या कडेला आपटली, त्याला अंतर समजलं नाही. बायकोने पुढे होऊन खुर्ची नीट ठेवली.

हे काही बोलायच्या आत तोच बोलायला लागला. इतके दिवस त्याच्या मनात साठलं असणार. "सर, गलती मेरी ही थी. आपने बोला था लाइट है, तो लाइट तो थी ही. आपसे ज़्यादा कौन जानता है. मैं ही डर गया था सर. डर के मारे मुझे लगा कि अंधेरा है. टीम में भी सबको मैंने यही बोला है, सर का नाम कोई नहीं लेगा."

मी यांच्याकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता नका हो सांगू. तो स्वतःला दोष देऊन शांत झालाय, कशाला त्याची शांती घालवता? आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, सांगा, आत्ता सांगा, नाहीतर हा पोरगा जन्मभर स्वतःला भित्रा समजेल.

यांनी खुर्चीच्या हातांवर दोन्ही हात ठेवले होते. "नहीं बेटा," हे म्हणाले. "अंधेरा था. तुम्हें ठीक दिख रहा था. मेरी आँखें खराब हैं, बहुत पहले से. मुझे हर वक़्त अंधेरा लगता है. उस दिन भी लगा. मैंने सोचा, मेरी आँखों का ही है."

तो ऐकत राहिला. त्याला कळलं की नाही, ते मला समजेना. एवढंच दिसलं की त्याचा चेहरा सैल पडला. तो पुन्हा एकदा म्हणाला, "नहीं सर, ऐसा मत बोलिए," पण आवाजात जोर नव्हता. मग तो पलंगावरची चादर नखाने खरवडायला लागला.

त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती ओरडेल, रडेल, ट्रे आपटेल, तिला सगळा हक्क होता. मी मनातून तयारही झाले होते. पण तिने ट्रे स्टुलावर ठेवला, एकेक कप आमच्यासमोर मांडला, साखर विचारायची राहिली म्हणून यांना विचारली. मग तिथेच उभी राहिली आणि यांना म्हणाली, आवाज न चढवता, एखादी गोष्ट खरोखर समजून घ्यायची असावी तशी,

"आपको नहीं दिखता था, अंकल. पर इनको तो दिखता था. इन्होंने तो आपको बोला था."